पाण्याच्या वाटेवरील प्लास्टिक

पर्जन्यछायेत येणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात विहिरीतले किंवा कूपनलिकेतले पाणी पिकाच्या मुळाशी वा घरातल्या माठापर्यंत पोचते, ते बहुतेक वेळा प्लास्टिकच्या वस्तूंमधूनच. आणि या वाटेवरचे पाइप, टाकी, घागर व ठिबकची नळी एकाच जातीच्या पदार्थाच्या, म्हणजे तापवल्यावर मऊ व निवल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या असल्या, तरी त्या घडवण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत.

कोठेही कापले तरी छेद सारखाच दिसावा असा पाइप एक्स्ट्रूजनने तयार होतो: तापलेल्या नळकांड्यात फिरणारा स्क्रू कच्चा माल वितळवत पुढे रेटतो आणि सोऱ्यातून शेव पडावी तशी, ‘डाय’ नावाच्या तोंडातून, अखंड नळी बाहेर येऊन पाण्यात थंड होते. अशीच गरम नळी दोन पाखांच्या साच्यात पकडून आत हवा फुंकली, की ती फुगून साच्याच्या भिंतींना टेकते. कॅन आणि घागरी या ब्लो मोल्डिंगने बनतात. छतावरच्या मोठ्या टाकीसाठी पॉलिथिनची भुकटी पोकळ साच्यात घालून तो भट्टीत दोन अक्षांभोवती संथ फिरवतात, तेव्हा भुकटी वितळून आतल्या बाजूस थर धरते आणि कोणताही दाब न देता, सांधा नसलेली टाकी तयार होते. या रीतीला रोटेशनल मोल्डिंग म्हणतात.

सर्वांत बारकाईचे काम ठिबकच्या ड्रिपरचे आहे. वितळलेला माल मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरण्याची इंजेक्शन मोल्डिंगची रीत अमेरिकेत हायट बंधूंनी 1872 मध्ये सेल्युलॉइडसाठी पेटंट केली होती; आज त्याच तत्त्वावर ड्रिपरमधली नागमोडी वाट घडते, जिच्यातून जाताना पाण्याचा जोर मोडतो आणि तासाला 2 किंवा 4 लिटर एवढेच पाणी ठिबकते. ही वाट किंचित अरुंद वा रुंद झाली, तर द्राक्षबागेतल्या एका वेलीला जास्त आणि दुसरीला कमी पाणी मिळते. म्हणून साच्याची अचूकता हा येथे केवळ कारखान्याचा विषय राहत नाही, तो शेतकऱ्याच्या उत्पन्नाचाही होतो. इनलाइन नळीत तर एक्स्ट्रूजन आणि इंजेक्शन मोल्डिंग या दोन्ही रीती एकत्र येतात: 16 मिलिमीटरची नळी एक्स्ट्रूडरमधून गरम निघत असतानाच आधी घडवलेले ड्रिपर ठरावीक अंतराने आत सोडले जातात, ते तिच्या भिंतीला जोडले जातात आणि मग प्रत्येकाच्या जागी नळीला छिद्र पाडले जाते. नळीचा काळा रंग शोभेसाठी नसतो. त्यात मिसळलेली काजळी मराठवाड्याच्या उन्हातील अतिनील किरणांपासून प्लास्टिकचे रक्षण करते.