उलांडी

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूस, काही अंतरावर, समांतर बांधलेला तरंगता ओंडका होय. तो दोन आडव्या दांड्यांनी होडीस जोडलेला असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावर रापणीचे जाळे समुद्रात सोडण्यासाठी उलांडीच्या होड्या वापरल्या जातात. अशी रचना श्रीलंकेत व प्रशांत महासागरातील बेटांवरही आढळते.

उपयोग
अरुंद होडीस पाण्याचा विरोध कमी होतो, त्यामुळे ती वल्ह्यांनी सहज चालते; मात्र ती लवकर कलते. रुंदी न वाढवता स्थैर्य देण्याचे काम उलांडी करते.

कार्यतत्त्व
आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, बुडालेल्या भागाने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वर लागते. होडी स्थिर असताना ओंडक्याचे वजन व त्यावरील प्लावक बल समान असते. होडी उलांडीकडे कलली की ओंडका अधिक बुडतो, प्लावक बल वाढते आणि ती बाजू वर उचलली जाते. विरुद्ध दिशेस कलल्यास ओंडका पाण्याबाहेर येऊ लागतो. तेव्हा त्याचे वजन होडीस पूर्वस्थितीत आणते. बल आणि अंतर यांच्या गुणाकारास बलाचे आघूर्ण म्हणतात. म्हणून ओंडका दूर बांधल्यास त्याचा परिणाम वाढतो.

उदाहरण
समजा, ४० किलोग्रॅमचा ओंडका मध्यरेषेपासून २ मीटरवर आहे. तो पूर्णपणे पाण्याबाहेर आल्यास त्याचे आघूर्ण ४० × ९.८ × २, म्हणजे सुमारे ७८४ न्यूटन-मीटर होते. मध्यरेषेपासून ०.६ मीटरवर, विरुद्ध बाजूस बसलेल्या ६० किलोग्रॅमच्या माणसाचे आघूर्ण सुमारे ३५३ न्यूटन-मीटर असते. दोन माणसांचे मिळून ७०६ होते. ते ओंडका पेलतो. तिसरा माणूस त्याच बाजूस आल्यास ते सुमारे १०५८ होते व उलांडी अपुरी पडते. (होडीचे स्वतःचे स्थैर्य येथे धरलेले नाही.)

मर्यादा
ओंडका पूर्ण बुडाल्यावर किंवा पूर्ण वर आल्यावर त्याचे बल आणखी वाढत नाही. त्यामुळे जाळे ओढताना सर्वांनी एकाच काठावर येणे धोक्याचे ठरते. तसेच ओंडक्यास होणाऱ्या पाण्याच्या विरोधामुळे चालती होडी उलांडीच्या बाजूस वळू पाहते. ती सरळ ठेवण्यासाठी वल्हे किंवा सुकाणू वापरून उलट बल द्यावे लागते.