वहीतला घसारा, पत्र्याखालचा गंज

व्यापाऱ्याच्या वहीत यंत्राचे वय आधीच ठरलेले असते. प्राप्तिकराच्या नियमांनुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला जातो. एक लाख रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर ८५ हजारांचे होते, दहाव्या वर्षाअखेर सुमारे १९ हजार ७०० रुपयांचे आणि विसाव्या वर्षाअखेर जेमतेम ३ हजार ९०० रुपयांचे. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नसल्यामुळे शेतकऱ्याच्या घरी हा हिशेब कोणी मांडत नाही. तेथे यंत्राचे आयुष्य ठरते ते आषाढातल्या संध्याकाळी, चिखलणी आटोपल्यानंतर अंधार पडण्यापूर्वी जो अर्धा तास उरतो त्यात. त्या अर्ध्या तासात यंत्र धुतले गेले तर वहीने मोडीत काढलेला टिलरही पुढच्या हंगामात पहिल्या हिसक्याला सुरू होतो. चिखलासकट तसाच पडवीत ढकलला गेला, तर चार-पाच वर्षांतच त्याचा पत्रा बोटाने दाबला जातो.

रायगड जिल्ह्यातील तळा हे या प्रश्नाचे नेमके ठिकाण म्हणावे लागेल. पाठीशी तळगड, खाली भाताची खाचरे आणि पलीकडे मांदाडच्या बाजूने आत शिरलेली खाडी, असा हा मुलूख. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. उतारावर बांध घालून केलेली खाचरे इतकी लहान असतात की मोठा ट्रॅक्टर आत उतरला तरी त्याला वळायला जागा उरत नाही. बैलजोड्या कमी झाल्या, तरणी माणसे मुंबईला गेली. राहिला तो दोन चाकांचा, मागून हातांनी धरून चालवायचा पॉवर टिलर. लावणीच्या ऐन दिवसांत तो बंद पडला तर भाड्याच्या यंत्रासाठी वाट पाहावी लागते, तोवर राबातली रोपे जून होतात आणि जून रोपांना फुटवे कमी येतात. जुना टिलर जपणे हा येथे हौसेचा विषय नाही. तो वर्षाच्या भाताचा विषय आहे.

या यंत्राचे कूळ पाहण्यासारखे आहे. जमीन नांगराने उलथण्याऐवजी फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करावी, ही कल्पना घेऊन १९१२ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर प्रयोग सुरू केले. त्याच्या पहिल्या चकत्या माती बाजूला फेकत. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पाती लहान व्यासाच्या दांड्यावर बसवल्यावर ती अडचण दूर झाली. पुढे जपानने हेच तत्त्व लहान भातखाचरांसाठी बेतले आणि तेथून ते भारतात आले. १९६७ साली बंगळुरूमध्ये स्थापन झालेल्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवले, तर केरळमधील अथानी येथे १९७३ साली सुरू झालेल्या कामकोने कुबोटाच्या तंत्रज्ञानावर. एक आडवे सिलिंडर, पाण्याने थंड होणारे बारा-तेरा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, रबरी पट्ट्यांवरून गिअरपेटीकडे जाणारी शक्ती आणि मागे फिरणारी रोटरी, एवढाच हा संसार. गुंतागुंत कमी असल्यामुळेच तो दीर्घायुषी आहे.

या टिलरचा एक भाऊबंद सातासमुद्रापलीकडे वाढला. महायुद्धानंतर अमेरिकेत घरामागची हिरवळ कापण्यासाठी बागेतले छोटे ट्रॅक्टर निघाले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली ‘कब कॅडेट’ आणला, जॉन डिअरने १९६३ साली ‘११०’ हे मॉडेल आणले. ती यंत्रे आज तेथील हौशी मंडळी कौतुकाने जपतात. अशा जुन्या ट्रॅक्टरचे ओतीव लोखंडाचे इंजिन साठ वर्षे टिकते, पण पोटाखालचा डेक, म्हणजे ज्याच्या आत पाती फिरतात ते पत्र्याचे झाकण, त्याआधीच गंजून जाते, असा त्यांचा नेहमीचा अनुभव. टिलरच्या रोटरीवरील पत्र्याचे दुखणेही हेच. दोन्हीकडे पाती पत्र्याच्या आड फिरतात, दोन्हीकडे ओला माल आतून थापला जातो आणि बाहेरून रंग चकाकत असल्यामुळे आतला गंज कोणाला दिसत नाही.

गंज धरण्याचे कारण समजले की सफाईची निकडही समजते. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मोकळ्या पत्र्यावरचे पाणी तासाभरात वाळते. चिखलाच्या किंवा कापलेल्या गवताच्या थराखाली मात्र ओल आठवडेच्या आठवडे टिकते आणि थराच्या आत व बाहेर हवा कमीजास्त मिळत असल्यामुळे पत्रा त्या थराखालीच खोल खाल्ला जातो. त्यात खाडीकाठच्या खारजमिनीतले मीठ मिसळले तर ही क्रिया कितीतरी झपाट्याने होते. म्हणून मांदाडच्या बाजूची खाचरे करून आलेले यंत्र विहिरीच्या किंवा ओढ्याच्या गोड्या पाण्यानेच धुवावे. खाडी जवळ आहे म्हणून तेथेच ते बुचकळून काढण्याचा मोह महागात पडतो.

धुण्याचीही रीत आहे. इंजिन बंद करून ते निवू द्यावे. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा मारा केल्यास ओतीव भागाला तडा जाण्याची भीती असते. चिखल ओला असतानाच लाकडी उलथण्याने खरवडावा. लोखंडी खुरप्याने काम लवकर होते, पण खुरपे रंगही काढते आणि गंजाला दार उघडून देते. पाणी धारेने सोडावे, मात्र दाबाच्या फवाऱ्याचे तोंड बेअरिंग, ऑइल सील आणि हवेच्या गाळणीवर कधीही धरू नये. चिखल जेथे स्वतःहून जाऊ शकला नसता तेथे तो फवारा त्याला नेऊन बसवतो. धुऊन झाल्यावर रोटरी वर उचलून यंत्र दोन-चार मिनिटे चालवले की सांध्यांतले पाणी झटकले जाते.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा रोटरीच्या दांड्याची टोके. गवताच्या काड्या, जुन्या दोरीचे तुकडे, खताच्या गोणीचे धागे पात्यांत अडकतात आणि फिरत फिरत दांड्याच्या मुळाशी घट्ट गुंडाळले जातात. तो वेढा हळूहळू ऑइल सीलच्या ओठावर घासतो. सील कापली गेली की आतले तेल बाहेर झिरपते आणि बाहेरचा चिखल आत शिरतो. त्यानंतर बेअरिंग आणि साखळी यांचा क्षय ठरलेला. काही रुपयांची सील वेळेवर न पाहिल्यामुळे सारी चेनपेटी उघडावी लागते. हा वेढा विळ्याच्या टोकाने दररोज कापून काढणे हेच टिलरच्या देखभालीतले अर्धे काम होय. पाती तपासताना डावी आणि उजवी यांची अदलाबदल झालेली नाही हे पाहावे आणि नवी पाती बसवल्यास पहिल्या एक-दोन तासांच्या कामानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. रंग आल्यावर हलके झालेले बोल्ट चिखलात गळून पडतात आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी तळपायाला सापडतात.

फार्महाउसवर किंवा आंब्याच्या बागेत पेट्रोलचे गवत कापण्याचे यंत्र ठेवणाऱ्या कुटुंबांनी याहून अधिक सावध राहावे. डिझेलचा टिलर पात्याला हात लागल्याने सहसा सुरू होत नाही. पेट्रोलच्या यंत्राचे पाते हाताने फिरवताना मात्र इंजिन एकदम पेटू शकते. डेकखाली हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, मग दुसरे काहीही. यंत्र कलते करताना हवेची गाळणी व कार्बोरेटर वरच्या बाजूला राहतील असे पाहावे, अन्यथा तेल गाळणीत उतरते. डेकच्या आत चिकटलेल्या गवताने केवळ गंज येतो असेही नाही. पात्याच्या वाऱ्याने गवत उभे राहते आणि मग कापले जाते. तो वारा खेळायला आत जागाच उरली नाही तर कापणी भादरल्यासारखी होते आणि दोष पात्याला दिला जातो. पात्याला धार लावल्यावर ते मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे. ती थोडी आणखी घासावी. असमतोल पाते सारे यंत्र थरथरवते आणि बेअरिंग खाते.

आता प्रश्न सुट्या भागांचा. ‘ही कंपनी आता नाही, माल येत नाही,’ असे सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवणे सोपे असते. वस्तुतः जुन्या यंत्रातले बहुतेक झिजणारे भाग कंपनीच्या नावाचे नसतात, आकड्यांचे असतात. बेअरिंगवर ‘६२०५’ असे कोरलेले असेल तर त्याचे आतले छिद्र २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५, मग ते जपानी यंत्रातून निघालेले असो वा देशी. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: दांड्याचा व्यास, घराचा व्यास आणि रुंदी. पट्ट्यावर ‘बी’ हे अक्षर आणि इंचांतली लांबी असते. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्निअरने मोजता येते. ज्या दुकानदाराच्या खणात ही मापे असतात आणि ज्याच्या डोक्यात ती पक्की असतात, तो पंचक्रोशीतली जुनी यंत्रे चालती ठेवतो. नवे यंत्र विकण्यात नफा अधिक, हे खरे. परंतु ऐन लावणीत योग्य सील हातावर ठेवणाऱ्या पेढीचे नाव घरोघरी निघते, आणि पुढे नवे यंत्र घ्यायची वेळ आली की पावले त्याच पायरीकडे वळतात.

लोखंडाच्या व्यापाराशी या परिसराचे नाते जुने आहे. तळ्याजवळच्या कुडा येथील बौद्ध लेण्यांतील एका शिलालेखात कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. प्राकृतात त्याला ‘लोहवाणिय’ म्हटले आहे. घाट उतरून खाडीच्या बंदराकडे जाणाऱ्या त्या वाण्याने कोणता माल विकला हे लेखात नाही, पण फाळ आणि विळे यांच्यावाचून भातशेतीचा मुलूख तेव्हाही चालला नसेल.

पावसाळा सरला की यंत्राच्या विश्रांतीची वेळ येते आणि तेथे एक उलटासुलटा नियम लक्षात ठेवावा लागतो. पेट्रोलची टाकी रिकामी करून ठेवावी, कारण साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. डिझेलची टाकी मात्र भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून पाणी साचत नाही. डिझेल इंजिन हाताने फिरवून दाब लागेल त्या जागी थांबवावे. तेथे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. गंजलेला पत्रा वायर ब्रशने घासून, रॉकेलने पुसून, पूर्ण वाळल्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ओल्या गंजावर दिलेला रंग म्हणजे आजारावर पांघरूण. काढलेले जळके तेल बांधावर ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. ते डब्यात साठवून घेणाऱ्याकडे द्यावे, भाताच्या मुळाशी नव्हे.

बंद यंत्र हे अनेक जिवांचे घरही होते. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीची कोठी बांधते, मुंग्या हवेच्या गाळणीत अंडी नेऊन ठेवतात, पाली डेकच्या कोपऱ्यात राहतात. हंगामाच्या सुरुवातीला दोरी ओढण्यापूर्वी किंवा हँडल फिरवण्यापूर्वी हे सारे कोपरे विजेरीने पाहून, मऊ कुंचल्याने जीव बाजूला सारावेत. जैन घरांत ज्याला जयणा म्हणतात तिचा हा अगदी साधा प्रसंग आहे, आणि इंजिनासाठीही तेच हिताचे. सायलेन्सर सुरुवातीलाच पिशवीने बांधून ठेवला तर माशीला कोठी बांधण्याचे, आणि माणसाला ती मोडण्याचे, कारणच उरत नाही.

खंडेनवमीला टिलर धुऊन पुसून अंगणात आणले जातात. हँडलला झेंडूची माळ, इंजिनाच्या टोपणावर हळदकुंकू. बहुतेक ठिकाणी पाणी वरूनच पडते. तळ्याच्या एखाद्या अंगणात मात्र कोणी म्हातारा गोणपाट अंथरून यंत्राशेजारी आडवा होतो, रोटरीच्या पत्र्याच्या आत हात घालून बोटे फिरवतो आणि नातवाला उलथणे मागतो. पूजेचे ताट तोवर तुळशीपाशी थांबते.