एक प्रत नणंदेकडे

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी आमच्या अरण्येश्वरच्या तळमजल्यात शिरलं. कॉम्प्युटर गेलाच, पण बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. ठेवली होती त्याच टेबलाच्या खणात!

सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या त्यात होत्या. सासूबाई आता नाहीत. नणंदेला कधीतरी सीडी करून दिली होती, म्हणून सात ओव्या उरल्या.

आता विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ सुरू केलीय. फुकट आहे, डिस्क जोडलेली असली की बदललेल्या फाइलींच्या प्रती आपोआप घेते. दुसरी डिस्क दर महिन्याला भरून नणंदेकडे साताऱ्याला जाते. गूगल ड्राइव्हही आहे, पण मैत्रिणींनो, जोडलेल्या फोल्डरमधली फाइल इथे पुसली की तिथेही कचरापेटीत जाते, ३० दिवसांनी कायमची.

परवा साताऱ्याची डिस्क लावून पाहिली. सातही ओव्या नीट वाजल्या.