लिनक्सच्या लॅपटॉपवर पडद्याचा प्रकाश आणि विजेची बचत

वीजपुरवठा खंडित झाल्यावर लॅपटॉप किती वेळ चालेल, हे बॅटरीच्या क्षमतेइतकेच पडद्याच्या प्रकाशावरही अवलंबून असते. ५० वॉट-तास क्षमतेची बॅटरी, संगणक सरासरी १० वॉट वीज घेत असल्यास पाच तास पुरते. हाच वापर ८ वॉटवर आला, तर ती सव्वासहा तास चालते. एखाद्या परीक्षेचा ऑनलाइन अर्ज अर्धवट भरलेला असताना दिवे गेले, तर हा वाढीव सव्वा तास मोलाचा ठरतो. लेखन-वाचनासारख्या हलक्या कामांत विजेचा मोठा वाटा पडद्यामागील दिवेच घेतात, म्हणून बचतीची सुरुवात तेथूनच करणे योग्य.

आपल्या देशात लिनक्सचा वापर केवळ हौशी मंडळींपुरता मर्यादित नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये सादर केली. केरळमधील शाळांतूनही मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवला जातो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून घेणारेही पुष्कळ आहेत, आणि पडद्याच्या प्रकाशाची तक्रार बहुधा त्यांचीच असते.

गनोम या डेस्कटॉपवर उजव्या कोपऱ्यातील मेनू उघडला असता प्रकाशाची सरकपट्टी दिसते. सेटिंग्जमधील ‘पॉवर’ या विभागात, काम थांबल्यावर पडदा मंद करणे, ठरावीक वेळाने तो बंद करणे आणि संगणक आपोआप झोपवणे, हे पर्याय आहेत. केडीई प्लाझ्मामध्ये याहून एक सोय अधिक आहे. वीज जोडलेली असताना, बॅटरीवर असताना आणि बॅटरी संपत आली असताना, अशा तीन अवस्थांसाठी निरनिराळे नियम ठरवता येतात. प्रवासात लॅपटॉप वापरणाऱ्यांना ही रचना अधिक सोयीची वाटेल.

सरकपट्टी हलवल्यावर पडद्याआड काय घडते? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक उपकरणाची माहिती फायलींच्या रूपात मांडतो. ‘सिस’ या निर्देशिकेतील ‘क्लास’ आणि त्यातील ‘बॅकलाइट’ या कप्प्यात पडद्याच्या दिव्यांची नोंद असते. तेथे एका फायलीत प्रकाशाची सर्वाधिक पातळी आणि दुसरीत सध्याची पातळी अंकांत लिहिलेली असते. दुसऱ्या फायलीतील अंक बदलला की प्रकाश बदलतो. मात्र त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ‘ब्राइटनेसकंट्रोल’ हा छोटा प्रोग्रॅम हेच काम सुकर करतो.

काही लॅपटॉपवर कळ दाबली की पडद्यावर पट्टी सरकताना दिसते, परंतु प्रकाश तसाच राहतो. अशा वेळी बॅकलाइटच्या कप्प्यात पाहावे. ‘एसीपीआय व्हिडिओ’ आणि ‘इंटेल बॅकलाइट’ अशा दोन नोंदी तेथे आढळल्या, तर डेस्कटॉप चुकीच्या नोंदीला आज्ञा देत असण्याची शक्यता असते. ग्रब या प्रारंभक प्रोग्रॅमच्या फायलीत कर्नलसाठी ‘एसीपीआय बॅकलाइट’ हा पर्याय ‘नेटिव्ह’ असा लिहून, ग्रब अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू केल्यास अनेकदा हा दोष दूर होतो. फायलीची मूळ प्रत आधी जपून ठेवावी, हे सांगणे न लगे.

दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. ‘एक्सरँडर’ या प्रोग्रॅमनेही पडदा काळोखा करता येतो, आणि अनेकजण त्यावर समाधान मानतात. वास्तविक हा प्रोग्रॅम केवळ चित्रातील रंग गडद करतो. मागील दिवे पूर्वीच्याच जोमाने जळत राहतात. डोळ्यांना आराम मिळतो, बॅटरीला नाही. ओलेड पडदा मात्र याला अपवाद आहे. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्यामुळे गडद चित्रानेही वीज वाचते.

प्रकाशाचा अंक शून्यावर नेला असता काही लॅपटॉपवर दिवे अगदी मंद होतात, तर काहींवर पूर्ण विझतात. संगणक बिघडला असे समजून दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी पडद्यावर तिरकस विजेरी धरून पाहावी. अंधुक अक्षरे दिसली, तर केवळ दिवे विझले आहेत असे समजावे आणि प्रकाश वाढवण्याची कळ दाबावी. सिस्टमडी वापरणाऱ्या प्रणालींत बंद करतानाची पातळी जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच लावली जाते. परंतु ती सहसा सर्वाधिक पातळीच्या पाच टक्क्यांखाली जाऊ दिली जात नाही, म्हणून संगणक पुन्हा सुरू करणे हाही एक उपाय आहे.

प्रकाशानंतर येतो प्रक्रियकाचा वेग. गनोमच्या २०२१ मधील ४१ व्या आवृत्तीपासून वीजबचत, संतुलित आणि कार्यक्षम अशा पद्धती थेट सेटिंग्जमध्ये निवडता येतात. कार्यक्षम पद्धत सर्व यंत्रांवर उपलब्ध नसते. याहून बारकाईने नियंत्रण हवे असणारे ‘टीएलपी’ बसवतात. ते गुणी साधन आहे, परंतु गनोमच्या पद्धती हाताळणारी ‘पॉवर प्रोफाइल्स’ सेवा त्याच वेळी चालू असू नये. दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. सामान्य वापरकर्त्याला, आमच्या मते, अंगभूत सेवाच पुरेशी आहे. वीज नेमकी कोठे खर्च होते हे पाहायचे असल्यास इंटेलने तयार केलेला ‘पॉवरटॉप’ उपयोगी पडतो.

सतत वीज जोडून वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली राहिल्यास लवकर क्षीण होते. यंत्रात तशी सोय असेल, तर भरणी सुमारे ८० टक्क्यांवर थांबवता येते. केडीई प्लाझ्मामध्ये तो पर्याय आहे आणि २०२५ मधील गनोम ४८ मध्येही तो देण्यात आला. भारनियमनाची सूचना आली असेल किंवा लांबच्या प्रवासाला निघायचे असेल, तर आदल्या रात्री ही मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.