औषध संपलं, दुखणं का संपत नाही?

१९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि उरणचा रस्ता ट्रेलरवाल्यांचा झाला. ही माणसं महिनोन्महिने घरापासून लांब. त्यामुळे गुप्तरोगाचा विषय निघाला की इथे पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. आजार काही माणसाचा धंदा विचारून येत नाही. पण आज आपण बोलतोय ते उपचारानंतर उरणाऱ्या दुखण्याविषयी.

परमा किंवा क्लॅमिडिया झाला, सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मधून गोळ्या घेतल्या, स्राव थांबला, तपासणीही स्वच्छ आली. तरी लघवीच्या वाटेत जळजळ, अंडकोशात ठसठस, गाडीवर तासन्तास बसलं की खाली कळ. माणूस मनाशी म्हणतो, दुखतंय म्हणजे जंतू आहेतच. मग मेडिकलमधून परस्पर पुन्हा अँटिबायोटिक, आणि बायकोपासून तोंड लपवणं.

इथे आमचं जुनं न्यायशास्त्र कामाला येतं. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, कारण अग्नीवाचून धूर सापडत नाही. वेदनेचं तसं नाही. क्लॅमिडिया कित्येकांच्या शरीरात काहीही न दुखता राहतो. उलट जंतू गेल्यावरही वेदना राहू शकते. अशा बेभरवशाच्या खुणेला नैयायिक ‘सव्यभिचार’ हेतू म्हणतात. दचकू नका, शब्द तर्कातला आहे!

मग दुखतं कशानं? सूज ओसरायला वेळ लागतो. शिवाय दुखण्याच्या काळात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नकळत आवळून धरले जातात, नसा हळव्या होतात, आणि भीती त्यात भर घालते. तीन महिन्यांहून अधिक रेंगाळलं तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणं मानतात. तेव्हा स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी आणि नसांच्या वेदनेवरची औषधं बऱ्याच जणांना उपयोगी पडतात.

‘जंतू नाहीत, म्हणजे सगळे मनाचे खेळ’ असं म्हणणारा डॉक्टरही त्याच तर्कदोषात सापडतो, फक्त उलट्या बाजूनं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा.

अर्थात जंतूंची शंका आधी फेडून घ्यावीच. जोडीदाराचा उपचार झाला नसेल तर लागण पुन्हा होते. काही जंतू नेहमीच्या औषधाला दादही देत नाहीत. फेरतपासणी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच. घाई केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही रिपोर्टात दिसतात. आणि अंडकोश अचानक असह्य दुखू लागला तर तर्क बाजूला ठेवा आणि त्याच घटकेला रुग्णालय गाठा. तिथे पीळ पडला असेल तर हाताशी काही तासच असतात.