काचेच्या वाटेवरची थेट गाडी

फुलसावंगीहून नागपूरच्या मामाला फोटो पाठवला, की तो क्षणात पोचतो. कसा बरं? मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंत हवेतून आणि पुढे बहुतेक वाट जमिनीखालच्या केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून, प्रकाश बनून! या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव पंजाबात मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९६० साली रूढ केलं.

लांब जाताना प्रकाश मंद होतो. पूर्वी वाटेतली यंत्रं त्याची वीज करत आणि पुन्हा प्रकाश करून पुढे धाडत. १९८७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात एर्बियम मिसळलेल्या काचेचा वर्धक तयार झाला. तो प्रकाशाला प्रकाशच ठेवून जोर देतो. आता साधारण ८० किलोमीटरला एक वर्धक पुरतो.

मोठ्या केंद्रांवर मात्र राउटर नावाचं यंत्र प्रत्येक संदेशाचा पत्ता वाचतं. त्याला भरपूर वीज लागते. समजा, नागपूरच्या एसटीतून महागाव, आर्णी, यवतमाळ अशा प्रत्येक थांब्यावर सगळ्यांना उतरवून, तिकीट तपासून पुन्हा बसवलं तर? म्हणून दूरच्या संदेशांचा प्रकाश मधल्या केंद्रावर न उघडता थेट पुढे सोडतात. एका तंतूतून डोळ्यांना न दिसणारे अनेक 'रंग' जातात. कोणता रंग कुठे जाणार, हे आधीच ठरलेलं असतं.

आता रात्रीची गोष्ट. रात्री तीनला फोटो कोण पाठवतं? तरी यंत्रं जवळजवळ दिवसाइतकीच वीज खातात. गिरणीत दळण नाही आणि मोटर चालूच, तसं! तिकडे चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतोच आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती काढली: रात्रीची वाहतूक थोड्या वाटांवर वळवा, बाकीची यंत्रं झोपवा.

पण थांबा! खोदकामात केबल तुटली आणि त्याच वेळी कुणी १०८ ला फोन लावला तर? झोपलेलं यंत्र जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून एक वाट राखीव, जागी ठेवावीच लागते. किती झोपवायची नि किती जागी ठेवायची, हेच खरं अवघड गणित.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मग आम्ही काय करावं? फोटो पाठवू नये का?"

खरं सांगू? एक फोटो कमी पाठवून फारसं वाचत नाही, यंत्रं चालूच असतात ना! हे गणित तुमच्यातलंच कुणीतरी पुढे सोडवेल. तोवर रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. तत्त्व तेच: काम नसेल तेव्हा झोपायचं, पण हाकेला जागं राहायचं.