आरशाचा पारा : वस्तू आणि शब्द

जुना आरसा डागाळला की 'पारा उडाला' असे आपण म्हणतो. हा प्रयोग एके काळी अक्षरशः खरा होता. काचेमागे कथलाचा पातळ पत्रा व पारा यांचा मेळ बसवीत. १८३५ मध्ये लीबिख याने रासायनिक क्रियेने काचेवर रुपे बसते हे दाखविले. पुढे ती रीत रूढ होऊन पारा गेला. शब्द मात्र राहिला. म्हणून दुरुस्तीपूर्वी शब्दावर न विसंबता लेप पारखावा. रुप्यामागे बहुधा रंगाचा थर असतो. पाऱ्याचा लेप उघडा व करडा दिसतो. रुपे काढून सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया व ग्लुकोज यांच्या ताज्या द्रावणाने नवे चढविता येते. पाऱ्याचा लेप मात्र खरवडू नये. त्याची वाफ विषारी असते. शिवाय आरशाच्या काळाचा पुरावाही त्याच लेपात असतो.